चेंबरचा नट आणि कोहमाऱ्याचा रस्ता

“आमच्या दादाले दुसऱ्याच्या हातचं काम पटतच नाही. खंडेनवमीच्या दिवशी पूजेतलं औजार उचललं अन् गाडीच्या चेंबरचा नट घरीच बसवला. मंग काय, तेल गळलं, कोहमाऱ्याच्या अलीकडं गाडी बंद पडली, अन् वयनी दवाखान्यात पोचलीच नाही.”

हे माझ्या धाकट्या भावाचे कथन. माझ्या पत्नीच्या तेरवीला त्याने ते प्रथम केले आणि तेव्हापासून लग्नाच्या मांडवात, धानाच्या बांधीवर, जिथे चार माणसे बसतील तिथे तो ते करीत आला आहे. ऐकणारे माझ्याकडे पाहून आवाज खाली करतात. त्या आवाजात आरोप असतो: बाई आजाराने गेली नाही, नवऱ्याच्या हट्टाने गेली. मी म्हातारा आहे, बहिरा नाही.

तेव्हा प्रथम नटाविषयी.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, म्हणून आदल्या दिवशी मी इंजिनचे तेल बदलायला घेतले. इंजिनच्या तळाशी तेलाचे चेंबर असते आणि तेल सोडण्यासाठी त्याला खालून एक नट असतो. मागच्या खेपेला कोण्या गॅरेजवाल्याने तो जोर लावून आवळला होता. मी सोडवला तेव्हा चेंबरची चुडी, म्हणजे आतले आटे, चांदीच्या केसांसारखी त्याला गुंडाळून बाहेर आली. नट पुन्हा बसवला, तर नुसताच फिरत राहिला. तेव्हा भाऊ तिथे नव्हता. जो आरोप करतो, त्याने ते काम होताना पाहिलेले नाही.

सडक अर्जुनीला लेथवर काम करणाऱ्या खरादवाल्याकडे गेलो. त्याची सगळी औजारे पाटावर, हळदीकुंकवात. “आज हात नाही लावत काका. परवा या,” तो म्हणाला. चुडी पाडायचा टॅप माझा स्वतःचा होता. भातगिरणीचे इंजिन मी आयुष्यभर चालवले आणि दुरुस्तही केले. पण तो टॅपही आमच्या देवघरापुढे झेंडूखाली ठेवलेला. मी दारात उभा राहिलो. पूजा माझ्या पत्नीने मांडली होती. तिनेच फुले बाजूला केली, पदराने टॅप पुसला आणि माझ्या हातात दिला.

“काम अडलं हे देवाले समजत नाही का जी? घ्या.”

मी घेतला. टॅपला ग्रीस फासले, म्हणजे धातूचा कीस आत न पडता ग्रीसमध्ये अडकतो. एक माप मोठी चुडी पाडली, थोडी पुढे, मग मागे, टॅप बाहेर काढून पुसायचा, पुन्हा लावायचा. वरून थोडे तेल सोडून चेंबर आतून धुतले. गिरणीच्या जुन्या इंजिनचा मोठा नट माझ्याजवळ होता, तो बसवायला घेतला. त्याखालचे तांब्याचे वायसर चुलीत लाल करून पाण्यात बुडवले, कारण तांबे मऊ झाल्याशिवाय जागेवर बसत नाही. नवे तेल भरले, खाली पुठ्ठा अंथरला, इंजिन चालू केले. पुठ्ठा कोरडा राहिला. ती ओसरीवरून म्हणाली, “झालं का समाधान? आता हात धुवा, तुमचा मळ मी पोळ्यांच्या कणकेत नाही मळणार.”

यात चूक कुठे आहे, ते कोणीही मला दाखवावे.

भावाला मी दाखवले होते. ती गेल्यानंतर त्याला गाडी ठेवतो त्या कोठ्यात नेले, तेल मोजायची पट्टी ओढून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तेल भरल्या खुणेवर होते.

“ते तुम्ही मागून टाकलं असन,” तो म्हणाला.

“कायले टाकू?”

“माणूस टाकते, दादा. मनाले बरं वाटावं म्हणून टाकते.”

त्यानंतर मी गाडी चालवलेली नाही. ती तणसाच्या ढिगाशेजारी उभी आहे आणि पुठ्ठा अजून खाली आहे. दिवेलागणीला मला थेंब पडल्याचा आवाज येतो. मी जातो, खाली वाकून तळहात फिरवतो. हात कोरडा निघतो. पायरीपर्यंत परत यावे, तोच पुन्हा थेंब. सून म्हणते, नळ असेल बाबा. नळ मी स्वतः बंद करून आलेलो असतो. हा आवाज मी कल्पितो असे कोणी म्हणेल तर त्याने संध्याकाळी माझ्यासोबत त्या कोठ्यात उभे राहून दाखवावे. आजवर कोणी उभे राहिलेले नाही.

हे सारे मी गिळले असते. पण यंदा पुतणीच्या लग्नात भावाचे कथन ऐकून कोणी एक बाई म्हणाली, “मंग वयनीनं पूजेतलं औजार काऊन घेऊ देल्लं? तिचंच तिले भोवलं.” आणि माझा भाऊ, जिच्या हातचे तो लहानपणापासून जेवला, गप्प राहिला. माझ्यावर बोट रोखा, मला सवय आहे. तिच्यावर रोखले गेले, म्हणून हे लिहितो.

कोजागिरी उलटून गेली होती, धान कापणीला आले होते. दुपारी तिच्या छातीत कळ आली. तिला मागच्या सीटवर निजवून मी गोंदियाकडे निघालो. भावाला निरोप मिळाला, तो मोटरसायकलने मागून आला. त्याने जे पाहिले ते एवढेच: कोहमाऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी, इंजिन शांत, मी मागे, तिचे डोके माझ्या मांडीवर, आणि ती गेलेली. “बंद पडली का, दादा?” त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. उत्तर न देणे म्हणजे होकार नव्हे. तिचे शेवटचे बोलणे माझ्यासाठी होते, ते रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणासाठी नव्हते. आणि आज ते सांगतो तेही भावासाठी नाही.

गाडी चांगली पळत होती. मीटरच्या काट्यात, आवाजात, कुठेच खोट नव्हती. तिने मागून माझ्या खांद्याला हात लावला.

“अजी, बंद करा. हा आवाज नोको आता. जरासं चूप बसू आपण.”

गाडी बंद पडली नव्हती. किल्ली मी फिरवली होती.