सागवानी पेटीतला फोन

यंत्राची आवड वेगळी आणि यंत्राची हौस वेगळी, हे मला माझ्या दाजींनी शिकवलं. शिकवायचा त्यांचा काही इरादा नव्हता. ते नुसते जगत होते, मी बघत होतो.

रामनगरात रस्त्याला लागून माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी मी आज्जाचं घड्याळ खोलून मार खाल्ला होता. पुढं बेळगावात राहून शिकलो आणि खोलण्यालाच धंदा केला. शर्टाच्या खिशात टेस्टर नसेल तर मला उघडं वाटायचं. लग्नालाही तो घेऊनच जायचो. जेवणाची पंगत बसलेली असताना मी मांडवातल्या लाउडस्पीकरवाल्याशी वायरीबद्दल वाद घालत उभा आहे, असं बायकोनं कितीदा तरी बघितलं असेल.

माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक रेडिओ आणायचं तो मुलगी दाखवायला आणल्यासारखा. वर भरतकामाचा रुमाल, रुमालाखाली रेक्झिनचं कव्हर, कव्हराखाली कंपनीचा प्लास्टिकचा कागद, तोही तसाच. "नवाच हाय, बगा. वापरतच न्हाई आमी." वापरत नाहीत हे खरंच असायचं. मागचं झाकण काढलं की आतून मुंग्यांचं अख्खं गाव बाहेर पडायचं, नाहीतर वाळून चामडं झालेली पाल. वारा लागू न दिल्यानं सगळं कुजलेलं. मी सांगायचो, झाकू नका, रोज लावा, यंत्राला हवा पाहिजे. ते मान हलवायचे आणि दुरुस्त झालेल्या रेडिओला माझ्यासमोरच परत तीन कपडे नेसवायचे. काहीजण आत फुंकर मारून उदबत्ती ओवाळायचे. ओवाळा, पण सेल फुटून खाली पाणी गळलंय ते आधी पुसा की!

पण हे सगळे माझ्या दाजींपुढं किरकोळ.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. कुंभारवाड्याच्या बाजूला, बस जिथं संपते तिथून पुढं रानातनं चालत गेलं की त्यांची वाडी. भातशेती होतीच, शिवाय लाकूड तोडायला, बांबू काढायला माणसं पुरवायचं काम ते घ्यायचे. त्यामुळं दांडेलीला, गोव्याला जाणं-येणं. येताना काहीतरी आणायचेच. आठवड्यातनं दोनदा बंद पडणारं मनगटी घड्याळ, जे ते दर तासाला बघायचे. मिक्सर आणला, तेव्हा वाडीत वीजच नव्हती. तो मिक्सर माजघरात गणपतीच्या शेजारी बसवला होता आणि अक्का त्याच्या समोर बसून पाट्यावर चटणी वाटायची.

वीज आली आणि दाजींनी टीव्ही आणला. दोन दारांच्या लाकडी कपाटातला, काळा-पांढरा. आठवडाभरात मला निरोप आला, लगेच निघून ये, टीव्हीत माणसं दिसत नाहीत. गेलो. अंगणात उंच बांबूवर अँटेना, बांबूला चार बाजूंनी तारा ओढलेल्या, आणि सोप्यावर सगळी वाडी मांडी घालून बसलेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. खरखर खरखर. माणसं डोळे बारीक करून बघत होती.

"आत्ता दिसला बग," दाजी म्हणाले, "टोपीवाला. दिसला न्हवं?"

"व्हय, व्हय," चौघं म्हणाले.

कुणाला काही दिसलं नव्हतं. तरी कुणी उठलं नाही. मला दरीच्या त्या खोलात लाटा पोचणारच नाहीत हे आल्या आल्या कळलं होतं, पण दाजींना ते पटेना. दोष अँटेनाचा, नाहीतर विकणाऱ्याचा, नाहीतर शेवटी माझा. मग दुसऱ्या दिवशी मी अँटेना खांद्यावर टाकून, दुकानातनं सोबत आणलेला छोटा बॅटरीवरचा टीव्ही आणि गाडीची बॅटरी एका गड्याकडं देऊन वाडीमागचा डोंगर चढलो. वर जनावरं बसायचं एक पठार आहे. तिथं अँटेना धरली आणि पडद्यावर एक बाई स्वच्छ बोलायला लागली. साडीची नक्षीसुद्धा दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

खाली येऊन सांगितलं, "दाजी, वर फर्स्टक्लास दिसतंय. रविवारच्या सिनेमाला टीव्ही वर न्यायचा. अख्खी वाडी बघेल."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांचा टीव्ही म्हशीच्या गोठ्यात बांधायला सांगितला असावा तसं.

"आणि घरात काय ठेवू?"

"घरात कशाला? इथं दिसतच नाही."

"लेका, डोंगरावर नेला तर आल्या-गेल्याला कसं कळंल आमच्यात टीव्ही हाय म्हणून?"

टीव्ही सोप्यावरच राहिला. मुंग्याही राहिल्या. काही वर्षांनी गोव्याकडनं बरी लहर यायला लागली तोवर त्याची पिक्चर ट्यूब बसली होती. मग रंगीत आला, अंगणात डिशची मोठी थाळी आली, आणि वीज सारखी जाते म्हणून बेळगावहून इन्व्हर्टर आला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं असतं हे मी त्यांना सांगितलं, लिहून दिलं, अक्काला दाखवलं. दाजी म्हणाले, "नव्या बॅटरीला कशाला पाणी? जुनी झाली की घालू."

नव्वदच्या पुढच्या त्या वर्षांत वाडीला फोन मंजूर झाला. रानातनं तारा ओढणं परवडत नव्हतं, म्हणून बिनतारी. उंच खांबावर छोटी अँटेना, शेजारी सूर्यावर चालणारी काच, त्याखाली बॅटरी आणि घरात फोन. सगळ्या वाड्यांना मिळून तो एकच, दिग्गीकडच्या माणसांनासुद्धा तोच जवळचा. ठेवायचा कुठं, तर जिथं पक्कं छप्पर आणि दिवसभर घरात माणूस असेल तिथं. म्हणजे दाजींच्या सोप्यावर. दाजी तेव्हा पंचायतीत निवडून आले होते, त्यामुळं दुसरं घर कुणी सुचवलंही नाही.

फोन बसवला त्या दिवशी मी तिथं होतो. दरीतून निघालेला आवाज डोंगर ओलांडून बेळगावात पोचतो, हे मला अजूनही थोडं जादूसारखंच वाटतं. मी त्या यंत्राचं झाकण हातात धरून बराच वेळ उभा होतो. दाजी मात्र सुताराशी बोलत होते. फोनला सागवानी पेटी करायची होती. पुढं काचेचं दार, आत मखमल, बाहेर पितळी कडी आणि कुलूप.

"कुलूप कशाला?" मी विचारलं. "सार्वजनिक आहे ना फोन?"

"सार्वजनिक हाय म्हणूनच. पोरंबाळं हात लावतात. बिगाड होतो."

"आणि कुणाला गरज लागली तर?"

"मी हाय की."

ते असायचे का? दांडेली, जोयडा, कारवार, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. किल्ली करदोट्याला. माणसं यायची, काचेतनं फोन बघायची, दाजी कधी येणार म्हणून विचारायची आणि परत रान तुडवत जायची. येणारे पाव्हणे त्या पेटीचं कौतुक करायचे. फोनचं कौतुक करायला तो कुणी ऐकलेलाच नव्हता.

एका उन्हाळ्यात इन्व्हर्टर बंद पडला म्हणून मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा दाजी दांडेलीला गेले होते. इन्व्हर्टरची बॅटरी उघडून बघितली. आत ओलावा म्हणून नाही, प्लेटा वाकून पापड झालेल्या. मी मनातल्या मनात दाजींना शिव्या घालत अंगणात बसलो होतो, तेवढ्यात रानाकडनं आरडाओरडा ऐकू आला.

चार माणसं बांबूला घोंगडी बांधून एकाला उचलून आणत होती. बांबू तोडायला गेलेला माणूस, दिग्गीच्या अलीकडच्या वाडीवरचा. झुडपातनं अस्वलीण बाहेर आली, मागं पिल्लू होतं. ती सरळ तोंडावर आली. मी एकदाच बघितलं आणि नजर काढली. एका बाजूचं कातडं कपाळापासनं सुटलं होतं. तो शुद्धीवर होता, हे सगळ्यात वाईट. "पानी," एवढंच म्हणत होता.

"फोन लावा," त्यातला म्हातारा धापा टाकत म्हणाला. "जीप बोलवा. बस सांच्यापातूर न्हाई."

अक्का चुलीपासून उठून आली होती. तिनं जखमी माणसाकडं बघितलं, पेटीकडं बघितलं.

"किल्ली त्यांच्याजवळ हाय," ती म्हणाली.

ती आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती कोयता घेऊन आली आणि एका दणक्यात पितळी कडीसकट दाराची फळी उखडली. काच खळकन सोप्यावर पडली. पदरानं तिनं काचा बाजूला सारल्या आणि मला म्हणाली, "लाव."

मी रिसीव्हर उचलला. काहीच नाही. टेस्टर लावून बघितलं, आत करंटच नव्हता. बाहेर खांबाखाली पळालो. बॅटरीची जागा रिकामी. दोन वायरी लोंबत होत्या, एका टोकाला कोळ्यानं जाळं केलेलं.

"अक्का, फोनची बॅटरी?"

अक्काचा चेहरा काळा पडला. "इन्व्हर्टर बिघडला तवा त्येनीच आत नेली. टीव्हीला लावलीया. महिना झाला."

तोवर मी कुठल्या यंत्राला शिवी दिली नव्हती. त्या दिवशी टीव्हीला दिली. माजघरातली ती जड बॅटरी मी आणि म्हाताऱ्यानं उचलून खांबाखाली आणली. टोकं खरडून साफ केली, वायरी आवळल्या. टीव्ही बघून बघून ती अर्धी मेली होती. फोन जागा झाला पण आवाज विहिरीतून यावा तसा. मी सूर्याच्या काचेवरची धूळ लुंगीनं पुसली; तिच्यावर वर्षभराची पानं आणि पाखरांची घाण चिकटली होती. ऊन अजून होतं. दम धरला, परत लावला. मला तोंडपाठ होता तो एकच नंबर, माझ्या दुकानासमोरच्या लाकूड व्यापाऱ्याचा.

"कोण?"

मी माझं नाव ओरडलो, गाव ओरडलो, "अस्वल, जीप" एवढंच परत परत ओरडलो. मधेच आवाज तुटला. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. परत लावला तर फोन मेलेला.

मग वाट बघणंच राहिलं. अक्कानं स्वच्छ लुगडं फाडून जखम बांधली होती. त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन ती चमच्यानं पाणी पाजत होती आणि त्याच्याशी कोंकणीत काहीबाही बोलत होती, पोरं किती, म्हस किती दूध देते. तो उत्तर द्यायचा प्रयत्न करत होता. मी लाकडाच्या गाड्यांच्या कच्च्या रस्त्याकडं कान लावून येरझाऱ्या घालत होतो. उन्हं कलायला लागली तेव्हा चढावर जीपचा आवाज आला. व्यापाऱ्यानं ऐकलं होतं. गावाचं नाव आणि "जीप" एवढंच कळलं, नंतर म्हणाला, पण तुमचा आवाज ऐकून वाटलं, पाठवावी.

जीप जखमीला घेऊन बेळगावला गेली. तो वाचला. एक डोळा गेला.

दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सोप्यावर रक्ताचे डाग अजून होते, अक्का शेणानं सारवत होती. दाजींना पहिल्यांदा काय दिसलं असेल?

"पेटी कुणी फोडली?"

"मी," अक्का म्हणाली. हात थांबला नाही.

मी सगळं सांगितलं. अस्वल, जखम, बॅटरी. बॅटरीशी येताना मी मुद्दाम सावकाश बोललो. दाजींनी ऐकलं, मान हलवली, "अरे अरे" म्हणाले. मग खाली बसून पेटीच्या दाराचा तुकडा हातात घेतला, त्याच्यावरून बोट फिरवलं.

"सागवान हुतं," ते म्हणाले. "निदान स्क्रू काढून खोलायची. तू तर मेकॅनिक न्हवं?"

मी तोंड उघडलं, पण अक्का उठून उभी राहिली होती. शेणाचे हात तसेच.

"ह्यो फोन माझ्या घरात हाय," ती म्हणाली. "आता त्याला कुलूप न्हाई. आनि ती बॅटरी कुनी आत आनली तर टीव्ही हितं अंगनात येईल, कोयत्याखाली. ऐकलं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मी तिला त्यांच्याशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. दाजींनीही नसावं. ते तुकडा हातात घेऊनच परसात गेले.

फोन त्यानंतर उघडाच राहिला. अक्का रोज सकाळी झाडू मारताना खांबाजवळची सूर्याची काच पुसायची, आणि आले-गेलेले बोलायचे, मोठ्यानं ओरडून, कारण लांबच्या माणसाशी हळू बोललं तरी चालतं, हे कुणालाच पटत नव्हतं. दाजी बाजूला बसून ऐकायचे आणि मधेमधे सूचना करायचे, "तोंडाजवळ धर," "वायर ओढू नको." इतका अनुभव जणू त्यांनाच होता.

पावसाळा संपल्यावर तो अस्वलाचा माणूस भेटायला आला. अक्कासाठी नाचणीची पिशवी आणि मधाची बाटली घेऊन. मीही तिथं होतो. चेहरा वेडावाकडा जुळला होता, पण तो हसत होता. गेलेल्या डोळ्यावरून कुणीतरी दिलेला काळा चष्मा घातला होता. अक्काच्या पाया पडला, मला हात जोडले. दाजी त्याच्याकडं एकटक बघत होते. मला वाटलं, आता तरी काही बोलतील.

ते पुढं वाकले, चष्म्याची काडी दोन बोटांत धरली.

"फारीनचा हाय काय रं?" त्यांनी विचारलं.