शिंगणापूरच्या लॉजचं दार

माझ्या सासरेबुवांचं नेवाशात बिजागऱ्या, कड्या-कोयंडे आणि कुलपांचं दुकान आहे. मी घरी बसून वेबसाइट बनवते. यातलं पहिलं वाक्य ते कुणालाही अभिमानाने सांगायचे. माझा विषय निघाला की म्हणायचे, "सून? हाय की घरीच. चित्रं हलवीत बसती." संगमनेरहून इंजिनियर होऊन आलेल्या बाईला हे किती झोंबत असेल, ते इथे सांगत नाही. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही.

चित्रं मी हलवते, हे मात्र खरं. व्हिडिओ टाकला तर आमच्याकडच्या रेंजमध्ये पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून खरेदी करून येईल. म्हणून नुसत्या रेषांचं चित्र काढायचं आणि कुठली रेषा कुठे सरकवायची तेवढं लिहून ठेवायचं. फाइल अगदी हलकी होते. असं मी एक दार केलं होतं. साइट उघडली की नक्षीची चौकट दिसते, दोन्ही फळ्या बाजूला होतात आणि आपण थेट दुकानात. एकदाच बनवलं आणि सगळ्या साइटना जोडलं. साडीवाले, दातांचे डॉक्टर, मंगल कार्यालय, रंग ज्याचा त्याचा पण दार एकच. कुणी याला आळशीपणा म्हणेल, आम्ही कॉम्पोनंट म्हणतो.

सासरेबुवांनी ते पाहिलं आणि "बिजागरी दिसत न्हाई," एवढंच बोलले. मी बिजागऱ्या बसवल्या. त्यानंतर मात्र मी पाहते, तर दुपारच्या चहाला मोबाईलवर दार उघडून बघण्याचा त्यांना नादच लागला.

पुढे त्यांचे सराफ मित्र नवं दुकान थाटत होते. फीत न कापता मोठ्या पडद्यावर साइटचं दार उघडून उद्घाटन करायचं, ही कल्पना सासरेबुवांची. "आमची सून करती," असा शब्दही देऊन आले. माझ्यासाठी त्यांनी कुणाला शब्द दिल्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला त्याचं भारी दडपण आलं.

नेमकी तेव्हाच शिंगणापूरच्या एका लॉजची साइट मी पुरी केली होती. मालकांचा फोन आला.

"ताई, तुमी नेवाशातच ऱ्हाता ना?"

"हो."

"मंग आमच्या गावात दार कुठं बघितलं तुमी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ज्या गावात घरांना दारं नाहीत, त्या गावाला मी नक्षीदार दार बसवलं होतं, तेही बिजागऱ्यांसकट! घाईघाईने दोन्ही फळ्या काढून टाकल्या आणि नुसती चौकट ठेवली. त्या मी सगळ्या साइटना जोडलेल्या मूळ फाइलमधूनच काढल्या होत्या, हे उद्घाटनाच्या मांडवात समजलं.

सराफांच्या आईंनी बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली आणि चौकटीतून दुकानातले हार, बांगड्या, पाटल्या उघड्यावर दिसू लागल्या. लोक दार उघडायची वाट बघत राहिले.

"वहिनी, दार कुठंय?" सराफ दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा चोरी झाल्यासारखा झाला होता.

पहिल्या रांगेत कडक इस्त्रीची टोपी घालून बसलेल्या सासरेबुवांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठले.

"बघता काय?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शिंगणापूर लांब हाय का? शेठनी दुकान शनिदेवाच्या भरवशावर सोडलंय. या, सरळ आत या!"

मांडव हसला. सराफांच्या आईंनी पडद्याला हात जोडले, मग सराफांनाही जोडावे लागले. तेवढ्यातही त्यांचा एक डोळा दागिन्यांच्या ट्रेवर होता.

परत येताना स्कूटरवर मी सासरेबुवांना खरं काय झालं ते सांगितलं.

"म्हंजी एका ठिकानी काढलं की समद्यांचं जातं?"

"हो, मामा."

"आन बसवलं की?"

"सगळ्यांचं बसतं."

"मंग बसीव. लॉजवाल्याला तेवढं वगळ."

मी तसंच केलं. दोन दिवसांनी डबा घेऊन दुकानावर गेले, तर आत कुणी तरी पाहुणे विचारत होते, सून काय करते म्हणून. मी पायरीवरच थांबले. वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य पुन्हा ऐकायला मन घट्ट केलं.

"सून?" सासरेबुवा म्हणाले. "आपल्याच धंद्यात हाय. दारं बसविती."