बॅरलला दोन पुड्या

द्रावण कधी खोटं बोलत नाही. त्यात जेवढं घालाल तेवढंच ते दाखवतं. साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना दर वर्षी पहिल्या तासाला मी हे वाक्य चेहरा गंभीर करून सांगायचो. मुलं ते वहीत उतरवून घेत. दुसऱ्या तासाला त्यातली निम्मी येत नसत. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही की मी अर्धा मार्क कापायचो, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

निवृत्तीनंतर या विद्येला एकच गिऱ्हाईक उरलं, तासगावकडचा माझा भाचा. त्याची एकरभर द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर घड पोपटी आणि बोटाएवढे असताना त्यांच्यावर जीए नावाचं वाढीचं संजीवक फवारतात. प्रमाण दहा पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात दहा भाग. बरोबर बसलं तर घड लांब आणि मोकळा होतो. जास्त झालं तर दोरीसारखा वळतो, आणि वळलेला घड एक्स्पोर्टवाला पेटीत घेत नाही. भाच्यानं त्या वर्षी पहिल्यांदाच बाग एक्स्पोर्टसाठी नोंदवली होती.

सकाळी त्याचा फोन आला. मागं इंजिन चालू होतं.

"मामा, बॅरलला किती टाकू?"

दोनशे लिटर पाणी, दहा पीपीएम, म्हणजे दोन ग्रॅम. एवढं मला झोपेतही येतं. पण तिकडं ग्रॅम कुणी म्हणत नाही. जीए एक ग्रॅमच्या पुडीत यायचं, त्यामुळं पुडी हेच माप होऊन बसलं होतं. आणि आपल्याला गावची भाषा येते हे दाखवायची मला हौस.

"दोन पुड्या," मी म्हणालो.

"दोन? शेजारचा एकच म्हणतोय."

"शेजारचा बीएस्सी हाय का?"

"न्हाई. पण त्याचा माल दुबईला जातोय."

"दोनच टाक."

दुपारी त्यानं फवारणी उरकल्याचा फोटो पाठवला. धुऊन उपडं ठेवलेलं बॅरल आणि शेजारी चार रिकाम्या पुड्या, कारण बॅरल दोनदा भरलं होतं. फोटो बोटांनी मोठा करून बघायची सवय मला नातीनं लावली आहे. पुडीवर छापलं होतं: २.५ ग्रॅम.

म्हणजे बॅरलला पाच ग्रॅम. पंचवीस पीपीएम. मी गणित तीनदा केलं आणि तिन्ही वेळा ते बरोबर आलं. पुडी मोठी झाल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

त्याला फोन लावायला मला अर्धा तास लागला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग वरनं साधं पाणी मारू का? पातळ हुईल की."

उत्तर अगदी पुस्तकातलं होतं. वर्गात मी त्याला पूर्ण मार्क दिले असते.

"बॅरलमध्ये असतं तर झालं असतं," मी म्हणालो. "आता ते वेलीच्या अंगात गेलं."

"बरं," तो म्हणाला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

दहा दिवसांनी एसटीनं गेलो. भाचा ओळीतून पुढं चालत एकेक पान उचलून दाखवत होता. घड वळले होते. एखादा सरळ दिसला की आम्ही दोघंही तिथं जरा जास्त वेळ थांबायचो.

घरी बहिणीनं चहा पुढं ठेवला. "तू कालिजात हेच शिकवायचास न्हवं?"

"हेच."

"आन् पोरं पास व्हायची?"

"बरीचशी."

"आई, गप ग," भाचा म्हणाला. "आवं मामा, पुड्या मीच फोडल्या की. वाचल्या न्हाईत." ही त्यानं दिलेली सवलत होती, आणि ती घेताना मला फार जड गेलं. घेतली मात्र.

एक्स्पोर्टवाला आला, पहिल्या ओळीतले चार घड बघितले आणि मांडलेल्या खुर्चीवर न बसताच गेला. मार्चमध्ये सगळा माल बेदाण्याला टाकला. वाळल्यावर मणी देठापासून सुटतात. घड सरळ होता की वळलेला, हे बेदाण्यावरून ओळखता येत नाही.