उष्टी हळद आणि माझी तीन कोसांची धाव

आमच्या घराण्यात माझ्याआधी विनाकारण कुणीही पळालेलं नाही.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. आमच्या केदारखेड्यावरून डाकेचा हरकारा किसनमामा घुंगराची काठी खुळखुळवत पळत जायचा. त्याला पाहून विशीत मलाही पळायचं वेड लागलं. महिनाभर मी रोज सकाळी नदीपर्यंत पळायचो. (परत चालत यायचो, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं.)

मामा म्हणायचा, "भाचेबुवा, लांब पळायचं तर सुरुवात म्हाताऱ्यासारखी करावी अन् शेवट पोरासारखा!"

माघात दादाचं लग्न निघालं. मुलगी राजूरची. उजाडता उजाडता दादाला हळद लागली आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे न्यायच्या वेळीच गाडीचा कणा मोडला! ती हळद लागल्याशिवाय नवरीला न्हाऊ घालता येईना, आणि मुहूर्त तर दुपारचा. आई रडकुंडीला आली.

"मी पळत नेतो!" मी म्हणालो.

"तीन कोस?" दादा म्हणाला. "अरे, नदीवरून तू चालत येतोस. मी पाह्यलंय!"

अपमान गिळला. त्यावर ताकदीसाठी बुंदीचे पाच लाडू गिळले आणि हळदीचा तांब्या छातीशी धरून बाणासारखा सुटलो.

कोसभरातच लाडू पोटात गडगडू लागले. मग काय झालं कोण जाणे, पायच हलके झाले. ज्वारीवर धुकं तरंगत होतं. वाट आपोआप खालून वाहत होती. माझाच श्वास मला दुरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू येत होता. राजूर केव्हाच मागे पडलं. मी थेट हैदराबादेत! चारमिनारापाशी लोक फुलं उधळून राह्यले होते, आणि हत्तीवरून एक बडे सरकार मला विचारत होते...

"काय झालं हो पाव्हणे? वाघ आल्ता का?"

सरकार नव्हते, काठीवाला एक मेंढपाळ होता, शेजारून पळत. बोलायला दम कुठला? मी नुसता पुढे हात केला. झालं! आमच्याकडे माणूस पळतो तो आग, वाघ किंवा भांडण असेल तरच. तो मागे लागला. त्याला पाहून दुसरा, तिसरा... राजूरच्या वेशीवर मी वळून पाहिलं, तर मागे वीस-पंचवीस काठ्या! घाबरून मी आणखी जोरात पळालो!

मांडवात शिरताना पाय घसरला. मी उताणा, आणि सगळी हळद माझ्या अंगावर!

"ह्यो पिवळा कोन? अन् ही फौज कशापायी?" नवरीचा बाप ओरडला.

"हळद... दादाची..."

नवरीच्या आत्याबाईंनी तांब्यात डोकावलं. रिकामा! दादाचं लग्न मोडलं म्हणून माझे डोळे भरून आले.

मग आत्याबाई म्हणाल्या, "नवरदेवाचीच हाये ना? खाली तर सांडली न्हाई. मंग खरवडा की! जल्दी!"

मुहूर्त साधला. पुढे किसनमामानं विचारलं, "भाचेबुवा, बराबर पळालास ना?"

"मामा, सुरुवात पोरासारखी केली," मी म्हणालो, "अन् शेवट नवरीसारखा. अंगभर हळद, भोवती बायका, अन् मी पाटावर मान खाली घालून!"