बेथने घातलेल्या वेण्या

माझी पोस्टिंग वेल्सच्या सीमेजवळच्या एका मेडिकल युनिटला झाली, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि माझे केस कमरेपर्यंत होते. युनिटचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक युनिटबद्दल बोलतील, आणि मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे.

सिव्हिलियन वाचकांसाठी एक नियम आधी सांगते. बाईचे केस लांब असतील तर आमच्याकडे युनिफॉर्ममध्ये ते कॉलरच्या वर बांधलेले लागत. बेरे टोपी घालायची तर अंबाडा मागे, खाली, घट्ट. एक बट सुटली तर सार्जंट मेजरला ती परेड ग्राउंडच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची.

एक्सरसाइजवर, म्हणजे टेकड्यांतल्या लढाईच्या सरावावर, निघायच्या आदल्या संध्याकाळी राहायच्या ब्लॉकच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही मुली एकामागे एक जमिनीवर बसायचो. प्रत्येकीने पुढचीच्या वेण्या घालायच्या. याला ट्रेन म्हणत. कपाळापासून मागे, कातडीला चिकटून दोन वेण्या, कारण हेल्मेटखाली अंबाडा मावत नाही. एकदा घातल्या की एक्सरसाइज संपेपर्यंत सोडायच्या नाहीत. मग अंघोळही नाही आणि फणीही नाही.

माझ्या मागे कायम कॉर्पोरल बेथ प्रॉक्टर बसायची. ती माझी सेक्शन कमांडर. ईशान्य किनाऱ्यावरच्या एका लहान गावातली. आवाज मोठा, बोटं जाड.

"कर्णिक, हे केस आहेत की दोरखंड?"

"तेल लावलंय, कॉर्पोरल."

"वास येतोय. अख्ख्या टेकडीला कळेल आपण कुठे लपलोय ते." आणि ती जोरात ओढायची.

"आई गं!"

"म्हणजे काय?"

"मम."

"मम इथे नाहीये. मी आहे. मान सरळ."

माझे आईबाबा रीडिंगला राहतात. आई भूलतज्ज्ञ आहे. बाबा आयटीत आहेत आणि शनिवारी स्टेशनबाहेर युद्धविरोधी पत्रकं वाटतात. लहानपणी त्या पत्रकांच्या घड्या मी घालायचे. मराठी वाचायलाही मी त्यांच्या पुण्यातल्या जुन्या पत्रकांवरच शिकले. मी सैन्यात जाते, हे बाबांना दोन दिवस पटलं नाही. मग म्हणाले, "जखमी माणूस कोणत्या बाजूचा, हे विचारणार नसशील तर जा." म्हणून मी मेडिक झाले. ते वाक्य मी अजून खरं मानते.

ऑक्टोबर होता. एक्सरसाइजचा तिसरा दिवस, दुपार. बेथ अँब्युलन्स चालवत होती. मी तिच्या डावीकडे, रेडिओ माझ्याकडे. मागे कोणी नव्हतं. सरावातला एक खोटा जखमी उचलायला आम्ही निघालो होतो. टेकडीच्या कडेने कच्चा ट्रॅक होता. पावसाने त्याची कड आतून पोखरली होती. ती आमच्या चाकाखाली खचली. गाडी गडगडत गेली आणि छपरावर थांबली.

मी बेल्टला उलटी लटकत होते. डावा हात खिडकीबाहेर गेला होता आणि गाडीखाली होता. तो दुखत नव्हता. न दुखणं वाईट, हे मेडिकला कळतं. उजव्या हाताला हँडसेट लागला.

"झीरो, धिस इज थ्री टू अल्फा. नो डफ, नो डफ. व्हेइकल रोलओव्हर. टू कॅज्युअल्टीज. ओव्हर."

झीरो म्हणजे हेडक्वार्टर, थ्री टू अल्फा म्हणजे आम्ही, आणि नो डफ म्हणजे हा सराव नाही, खरं आहे.

"थ्री टू अल्फा, झीरो. सेंड लोकेशन, ओव्हर."

मी नकाशावरचा ग्रिड नंबर दिला.

"झीरो, रॉजर. वेट, आऊट."

म्हणजे थांबा, आम्ही परत बोलू. मी थांबले. दुसरं काही करता येत नव्हतं.

स्टिअरिंग बेथच्या छातीत रुतलं होतं.

"कर्णिक."

"कॉर्पोरल."

"हात?"

"अडकलाय. श्वास?"

"घेतेय. थोडा."

माझ्या वेण्या कानांवरून खाली लोंबत होत्या. तिने मान वळवून पाहिलं. "बघ," ती म्हणाली, "एक केस सुटला नाही."

त्यानंतर ती बोलली नाही. माझा उजवा हात तिच्या मानेपर्यंत पोचत होता, त्यापुढे नाही. रक्त थांबवायला पोचत नव्हता, छाती मोकळी करायला पोचत नव्हता. नाडी मोजायला पोचत होता. मी मोजत राहिले. रेडिओवर आणखी एकदा "वेट, आऊट" आलं. माणसं ट्रॅक उतरून आली तेव्हा नाडी थांबून बराच वेळ झाला होता. माझी बोटं तिथेच होती. एका सार्जंटने ती काढली.

हॉस्पिटलमध्ये मी शुद्धीवर आले तेव्हा आई शेजारी होती. हाताच्या नसा खांद्यात मुळापासून उपटल्या गेल्या होत्या. हात राहील, पण हलणार नाही. हे तिने मला डॉक्टरसारखं, न रडता सांगितलं. मग मला खोबरेल तेलाचा वास आला.

"आई, वेण्या?"

"सोडल्या गं. चिखल काय, काचा काय, सगळा गुंता. किती वेळ विंचरत होते. बघ आता, हलकं वाटेल."

आईचा दोष नव्हता. पडलेल्या मुलीच्या डोक्याला तेल लावावं, केस विंचरावेत, याखेरीज त्या दिवशी तिच्या हातात काही नव्हतं. पण बेथच्या हातांचं शेवटचं काही शिल्लक असेल, तर त्या दोन वेण्या होत्या. ते केस आता उशीवर मोकळे पडले होते.

"यापुढे माझ्या केसांना हात लावायचा नाही," मी म्हटलं. "कोणीच."

तिने हात मागे घेतला. असं का म्हटलं, ते मी तिला पुष्कळ महिन्यांनी, घरी, सांगितलं. ती उठून किचनमध्ये गेली आणि तिने नळ सोडला. तो बराच वेळ वाहत होता.

एन्क्वायरीत कोणाचा दोष निघाला नाही. ट्रॅकचा निघाला. बाबा म्हणाले, "त्यांनी तुम्हा दोघींना वापरलं."

"हे पत्रकात लिहू नका, बाबा. ती तुमचं उदाहरण नाही."

एका हाताने लांब केस बांधणं कसं असतं, ते सांगते. बॉबल, म्हणजे केसांचा रबर, बोटांवर ताणून धरायचा आणि त्याच बोटांनी केस गोळा करायचे. डावी बाजू येते तोवर उजवी सुटते. सोफ्याच्या पाठीला डोकं दाबून केस अडकवून ठेवायचे. दाराच्या मुठीत बॉबल अडकवून शेपूट त्यातून ओढायची. पिन दातांनी उघडायची. मी हे सगळं केलं. ढिली पोनीटेल जमते. पीळ देऊन अंबाडा बसवेपर्यंत ती उलगडते. सगळं परत पहिल्यापासून.

मिल्टन कीन्सची मावशी म्हणाली, "अगं, बॉब करून टाक ना! सो इझी टू मेंटेन. केस काय, परत वाढतात."

"केस वाढतात, मावशी. हात वाढत नाही. माझ्यातलं आणखी काही मी आता देणार नाही."

घट्ट बांधायचा एकच मार्ग निघाला. तो थेरपिस्टने दाखवला. पलंगावर उताणं झोपायचं आणि डोकं काठावरून खाली सोडायचं. केस आपल्या वजनाने एका झुपक्यात लोंबतात. खालून हात घालून बॉबल चढवायचा. "दुसऱ्या हाताचं काम ग्रॅव्हिटी करेल," ती उत्साहाने म्हणाली.

मी डोकं खाली सोडलं. रक्त कपाळात उतरलं आणि डिझेलचा वास आला. खोलीत डिझेल नव्हतं. माझ्या उजव्या हाताने बॉबल टाकला आणि तो हवेत शेजारी गेला, एक मान शोधत.

दर वेळी हेच झालं.

वर्षाने सार्जंट मेजरचा फोन आला. युनिटच्या भिंतीवर बेथच्या नावाची पाटी लागणार होती. "तिच्या आईची इच्छा आहे की पुष्पचक्र तू ठेवावंस. बेरे घालून ये, कर्णिक." मी आता सैन्यात नव्हते, पण माजी सैनिकाला अशा दिवशी बेरे चालते. मी हो म्हटलं. बेथसमोर मी नीट उभी राहणार होते, अंबाडा घालून, स्वतः घालून. एवढं एक काम मला तिच्यासाठी धड करायचं होतं.

त्या सकाळी गेस्ट हाउसच्या खोलीत मी पलंगावर झोपले. बॉबल बोटांवर चढवला, डोकं खाली सोडलं. डोळे उघडे ठेवले. छताच्या फळ्या मोजल्या. हात गेला. परत आणला. परत गेला. चौथ्या वेळी मी पलंगावरून खाली घसरले आणि तिथेच राहिले.

दाराबाहेर आई होती. "सई, आत येऊ?"

"नको."

"हात नाही लावत. आय प्रॉमिस. नुसती बसते."

"नको, आई."

"बरं. इथे आहे मी."

मोकळ्या केसांवर बेरे घालत नाहीत. मी ती आईच्या पर्समध्ये टाकली.

बाहेर वारा होता. आम्ही पंचवीस-तीस माणसं भिंतीसमोर उभी होतो. बेथची आई पुढे, एकटी. माझा डावा हात कोटात बांधलेला, उजव्यात लाल पॉपी फुलांचं चक्र. सार्जंट मेजरने पडदा ओढला, त्याच वेळी वाऱ्याने माझे सगळे केस तोंडावर आणले. मला पाटी दिसेना. ते बाजूला करायला माझ्याकडे हात नव्हता.

शेजारी आईचा हात वर आला. माझ्या कानापर्यंत आला आणि तिथे थांबला. तिला फक्त एक शब्द हवा होता. मी तो म्हणू शकले असते. तो निघाला नाही. थोड्या वेळाने हात खाली गेला.

मी अंदाजाने पुढे चालत गेले आणि चक्र ठेवलं. ते वाकडं बसलं, हे मला आवाजावरून कळलं. कोणीतरी ते सरळ केलं.

कॉर्पोरल बेथ प्रॉक्टर, मेडिक. वय सत्तावीस. ती युद्धात मेली नाही, म्हणून तिच्या गावच्या युद्धस्मारकावर तिचं नाव कोरलेलं नाही. मी म्हणते, कोरा. ती ड्युटीवर मेली, एका खोट्या जखमीला आणायला जाताना, आणि तिच्या शेजारी एक मेडिक होती जिचा हात पोचला नाही. सार्जंट मेजरने तिचं नाव मोठ्याने, सावकाश वाचलं. मी ते केसांच्या आडून ऐकलं.