अर्विडच्या परसातला बर्फ

त्या वर्षी लिंडहोम गावाचा नाताळ कोरडा गेला. थंडी होती, नाही असं नाही. नाकातले केस ताठ व्हावेत इतकी होती. पण बर्फाचा पत्ता नव्हता. अमेरिकेच्या उत्तरेकडल्या मिनेसोटाचा माणूस थंडीला भीत नाही, तो भितो उघड्या जमिनीला. बर्फ ही इथली गोधडी. ती वेळेवर पडली की तिच्याखाली पाण्याचे नळ, स्ट्रॉबेरीचे वाफे, गुलाबाची मुळं, सगळं वसंतापर्यंत सुखाने निजतं. त्या साली गोधडीच आली नाही, आणि गावातली म्हातारी माणसं खिडकीतून तपकिरी अंगणाकडे बघत नुसती मान हलवत बसली.

अर्विड हालव्हर्सनने मात्र बर्फ पाडायचं यंत्र करायला घेतलं. ज्याने जन्मभर दुधाचा टँकर चालवला, ज्याने खिळा ठोकला तर खिळा वाकायचा आणि अंगठा सुजायचा, त्याने यंत्र करावं याचं गावाला हसू आलं. हालव्हर्सनांच्या घरातली हत्यारं होती ती व्हर्नाची, म्हणजे त्याच्या बायकोची. गळका नळ ती दुरुस्त करायची, गवत कापायच्या मशीनचं पोट ती उघडायची, आणि अर्विड शेजारी टॉर्च धरून उभा असायचा, तोही भलतीकडे उजेड पाडत. नोव्हेंबरात व्हर्ना गेली. हत्यारं भिंतीवर जिथल्या तिथे राहिली.

आता यंत्र कशासाठी, तर एका गुलाबासाठी. परसदारी कुंपणापाशी पिवळ्या गुलाबाचं एक झाड होतं. लग्नाला थोडीच वर्षं झाली असताना अर्विडने ते कुणी न सांगता, आपण होऊन आणलं होतं. तेवढं एकच. पुढे प्रत्येक वाढदिवसाला व्हर्नाने काय हवं ते सांगायचं आणि त्याने जाऊन आणायचं, असा रिवाज पडला. पण असला नाजूक गुलाब मिनेसोटात उघड्यावर तग धरत नाही, त्याला ऑक्टोबरात निजवावं लागतं. एका बाजूची मुळं सैल करायची, दुसऱ्या बाजूला चर खणायचा, झाड अख्खंच्या अख्खं हळूच त्या चरात आडवं करायचं, वर माती आणि पालापाचोळा घालायचा. एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचं. व्हर्नाने हे दर ऑक्टोबरात केलं. अर्विड खिडकीतून म्हणायचा, इतक्या खटाटोपात दुकानातून दरसाल नवं झाड आलं असतं. ती म्हणायची, "हे तू आणलेलं आहे." आणि पुन्हा मातीत हात घालायची.

तो ऑक्टोबर दोघांनी इस्पितळात काढला. व्हर्ना शेवटपर्यंत शहाण्यासारखी बोलत होती. जमीन गोठून दगडासारखी झालेली असताना मला पुरायची घाई करू नका, राख घरी ठेवा, जूनमध्ये कबरस्तानात ठेवा, असं तिने सांगून टाकलं. इथे बऱ्याच जणांचं तसंच करतात. मग म्हणाली, "आणि माझ्या गुलाबाचं पहिलं फूल वर टाक. फुलवाल्याकडचं नको हं, अर्विड. मला कळेल." तो हो म्हणाला. त्या वर्षी गुलाब निजवलाच नाही, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही.

आठवण दिली आर्डिसने. आर्डिस ही व्हर्नाची मैत्रीण. दोघींनी मिळून चर्चची बाग सांभाळली. व्हर्नासाठीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचं आणि कॉफी चालू असताना तिने विचारलं, गुलाबाचं काय केलंस? अर्विडने कप तिथेच ठेवला. तो धावत घरी गेला, तर फावडं गोठलेल्या जमिनीवर वाजून परत आलं. त्याने पाला रचला, तो वाऱ्याने उडवला. पेंढा घातला, त्यात उंदीर शिरले. आता एकच इलाज, आर्डिस म्हणाली, बर्फ पडू दे. बर्फासारखं पांघरूण नाही.

डिसेंबर संपला, बर्फ नाही. जानेवारीत रेडिओवर सांगू लागले की उत्तरेकडून कडाका येतोय, असा बऱ्याच वर्षांत आला नाही. त्या दिवशी अर्विडने व्हर्नाच्या भिंतीवरचा पहिला पाना काढला.

स्कीच्या टेकडीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला त्याने फोन करून सगळं विचारून घेतलं. पाणी जोराने बारीक तोट्यांतून उडवायचं, त्याच्यात दाबलेली हवा सोडायची; हवेने पाण्याचा भुगा होतो आणि तो खाली येईतो गोठतो. सांगायला सोपं. गाड्या धुवायचा पंप त्याच्याकडे होता. हवेचा कॉम्प्रेसर शेजारच्या ड्वेनकडे होता. ड्वेनने आयुष्यभर ठोकलेल्या गाड्यांना रंग मारला, आणि तो उपकार करतो खरा, पण आधी तोंडसुख घेतो.

"बर्फ करतोयस?" ड्वेन म्हणाला. "मिनेसोटात? उद्या मक्याच्या आयोवात जाऊन मका विकशील."

"कॉम्प्रेसर देतोस की नाही?"

"देतो रे. पण सोबत मीही येणार. तुझ्या हातात दिला तर माझं गॅरेज उडेल."

पहिल्या खेपेला अर्विडला दम निघाला नाही. हवा दमट होती, पारा जेमतेम शून्याखाली. तोट्यांतून आलं ते पाणीच. ते अंगणभर, रस्त्यापर्यंत पसरलं आणि गोठून काच झालं. ड्वेनची पिकअप त्यावरून घसरली आणि ड्वेनचीच टपालपेटी आडवी करून थांबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. चर्चमध्ये लोकांनी अर्विडला सांगितलं, "हं, वेगळंच आहे जरा." लिंडहोममध्ये याच्याहून कडक शब्दांत कुणी कुणाला नावं ठेवत नाही.

दुसऱ्या खेपेला काम झाल्यावर तो नळीतलं पाणी काढायला विसरला. नळी गोठून काठीसारखी झाली आणि फुटली. व्हर्ना ऑक्टोबरातच सगळ्या नळ्या रिकाम्या करून तळघरात टांगायची, हे त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं. फुटकी नळी हातात घेऊन तो अंगणातच बसून राहिला. ड्वेन बाहेर आला, काहीतरी टोमणा मारणार होता, पण त्याचा चेहरा बघून परत आत गेला आणि स्वतःची नळी घेऊन आला.

कडाक्याच्या आदल्या दिवशी सकाळी हवा कोरडी ठणठणीत होती. अर्विडने व्हर्नाचा बागेतला गडद निळा कोट चढवला, कारण टेकडीवरच्या माणसाने सांगितलं होतं, गडद बाही पुढे धरून बघ. कण उडून खाली पडले तर बर्फ, ओला डाग पडला तर पाणी. आणि त्याचा स्वतःचा कोट फिकट होता. ड्वेनने कॉम्प्रेसर सुरू केला, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. तोट्यांतून पांढरा फवारा उडाला. अर्विडने हात पुढे केला. व्हर्नाच्या बाहीवर बारीक कण टपटप पडत होते आणि उडून जात होते. डाग नव्हता.

त्याला रडू फुटलं. ड्वेन मुद्दाम पंपाकडे बघत राहिला.

दिवसभर त्यांनी बर्फ पाडला. गुलाबावर आधी घोट्याइतका, मग गुडघ्याइतका, शेवटी झाडाचं टोकही दिसेना. सगळं गाव तपकिरी आणि हालव्हर्सनांचं परस तेवढं पांढरं. लोक गाड्या थांबवून बघायला लागले. काही न बोलता कुणी खिमा-बटाट्याचं भट्टीत भाजलेलं हॉटडिश ओट्यावर ठेवून गेलं, कुणी सफरचंदाची भाजलेली वडी. कडाका आला, खिडक्यांच्या काचा तडकल्या, आणि अर्विड स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या व्हर्नाच्या राखेला म्हणाला, "निजवला गं. उशीर झाला, पण निजवला."

एप्रिलमध्ये त्याचा ढीग सावकाश वितळला. मेमध्ये एका सकाळी तो बाहेर गेला तर बुंध्याशी लालसर कोंब. वरच्या काड्या काळ्या पडल्या होत्या, पण खालून जोमाने फुटलं होतं. त्याने लेकीला, कॅरिनला, ॲरिझोनात फोन लावला, पास्टरना गाठून जूनमधला शनिवार ठरवला, आणि आर्डिसला बोलावून आणलं. आर्डिस गुडघ्यांवर बसली, बोटाने माती उकरून कोंब कुठून आलेत ते बघितलं, पानं मोजल्यासारखी उलटी करून पाहिली.

"फुटलंय खरं," एवढंच म्हणाली.

अर्विडने कॉफी ठेवली होती. ती थांबली नाही. एरवी कॉफी घेतल्याशिवाय न जाणारी आर्डिस थांबत नाही, याचा अर्थ त्याला तेव्हाच कळायला हवा होता. पण तो आनंदात होता. रोज उठून झाडाला पाणी घालत होता, ड्वेनला कुंपणावरून उंची सांगत होता, ड्वेन म्हणत होता, आता पेटंट घे. कळ्या आल्या त्या बारीक, घोसांनी. झाड आजारातून उठलंय, अर्विड म्हणाला, अशक्तपणा असणारच.

दफनाच्या सकाळी फुलं उमलली. पांढरी. नाण्याएवढी, पाच पाकळ्यांची, रस्त्याकडेच्या रानगुलाबासारखी. अर्विड सुटाबुटात, हातात कात्री घेऊन झाडासमोर उभा राहिला. आर्डिस कॅरिनला मदत करायला आली होती, ती त्याला शोधत परसात आली.

"हा तिचा नाही," तो म्हणाला.

"नाही." आर्डिस जवळ आली. "ते कलम होतं, अर्विड. खाली रानटी खुंट, त्यावर पिवळ्याचा डोळा भरलेला. वरचा गेला. खालचा तुझ्या बर्फाने जगला."

"कधी गेला वरचा?"

"तू बर्फ पाडलास त्याच्या आधीच. डिसेंबरात केव्हातरी."

"तुला मेमध्येच कळलं."

"हो."

"बोलली का नाहीस मग?"

"तू हसत होतास," आर्डिस म्हणाली. "नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. मला नाही जमलं."

कॅरिन म्हणाली, बाबा, मी पटकन फुलवाल्याकडून पिवळा गुलाब आणते. त्याने नको म्हणून मान हलवली. व्हर्नाला कळलं असतं. कबरस्तानात पास्टरांची प्रार्थना झाली, माती टाकायची वेळ आली, आणि अर्विड रिकाम्या हातांनी पुढे झाला. मूठभर माती टाकली. ओठ हलले, पण शेजारी उभ्या कॅरिनलाही काही ऐकू आलं नाही.

चर्चच्या तळघरात पुन्हा हॅम, पुन्हा कॉफी. त्याने आर्डिसला विचारलं, एवढं मोठं झाड व्हर्ना एकटी कशी आडवं करायची? काटे लागायचे नाहीत?

"एकटीने होत नाही ते," आर्डिस म्हणाली. "एकाने मुळं सैल करायची, एकाने झाड पलीकडून धरायचं, नाहीतर बुंधा मोडतो. मी यायची ना दरवर्षी."

"मी घरातच असायचो."

"तू फुटबॉल बघत असायचास," ती म्हणाली. त्यात दोष द्यायचा सूर नव्हता, म्हणूनच ते अर्विडला जास्त लागलं.

यंत्राचे भाग त्याने सोडवले, कॉम्प्रेसर ड्वेनला परत दिला, पाने पुसून भिंतीवर लावले. झाड मात्र उपटलं नाही. गावात काहीजण म्हणाले, काढून टाक, रानटी आहे, कुंपणभर पसरेल. तो हं म्हणायचा आणि विषय बदलायचा.

ऑक्टोबरात एका दुपारी आर्डिसला फोन आला, जरा येऊन जा. ती आली तेव्हा परसात चर खणून तयार होता, वाकडातिकडा, पण पुरेसा खोल. फांद्या सुतळीने बांधलेल्या होत्या. अर्विडच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते आणि अंगात निळा कोट होता.

"अर्विड," ती हळूच म्हणाली, "याला निजवायची गरज नाही. रानातलं झाड आहे. नेहमीच्या हिवाळ्यात उघड्यावरही मरायचं नाही."

"माहीत आहे मला. तू पलीकडून धर." तो चराकडे बघत राहिला. "आणि ती कुठे बसायची, ते दाखव."

आर्डिसने बोट केलं. बुंध्यापासून हातभर अंतरावर जमीन जराशी दबलेली होती. अर्विडने कुंपणाचा आधार घेतला आणि सावकाश तिथे गुडघे टेकले.