मेई वहिनीचा प्रश्न

आज इंदूरच्या पलासिया भागातल्या एका दुकानात मोगऱ्याच्या चहाचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

असाच चहा मेई वहिनी हाँगकाँगहून घेऊन आली होती. माझा दादा तिथे नोकरीला होता आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला इंदूरला घेऊन आला होता. इंग्रज हाँगकाँग चीनच्या हवाली करणार होते, ते वर्ष. सकाळी पोहे-शेव खाता खाता काका आणि बाबांची जुंपली.

"लोकशाही इंग्रजांकडूनच शिकावी," काका म्हणाले.

"चीनचं घर चीनला मिळतंय, बात खतम!" बाबा म्हणाले.

वहिनी अडखळत, पण मराठीत बोलली. "काका, इंग्रजांनी आमचा गव्हर्नर आम्हाला कधी निवडू दिला नाही. बाबा, चीनही विचारत नाही. आम्हाला काय पाहिजे, कुणी विचारलं?"

काका हसले. "अरे वा, बहू तो नेता निकली! जा बेटा, चहा आण."

बाबाही हसले. इतका वेळ भांडणारे दोघे त्या हसण्यात एक झाले.

वहिनी उठली नाही. कान लाल झालेले, आवाज मात्र स्थिर. "आधी उत्तर द्या."

बाबांनी शेवेची वाटी काकांकडे सरकवली. दादा पोहे चिवडत राहिला.

तेव्हा मला राग आला तो घरच्या सुनेचा अपमान झाला म्हणून. आता तो राग फार मोठा झालाय, तिच्या अख्ख्या शहराला कुणी विचारलं नाही म्हणून. परवा हाँगकाँगला फोन केला तेव्हा मी तिला विचारलं, तिथे आता सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना पकडतात ते खरं का? ती घाईघाईने म्हणाली, "इथे हवा छान आहे."